बाटलीच्या कव्हरचा कुबट वास कसा घालवायचा

पाण्याची बाटली रोज घासली जाते. तिचं कव्हर मात्र जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाणी न लावता वापरात राहतं. मग एक दिवस बाटली तोंडाशी नेताना कुबट भपकारा येतो. दोष बाटलीला दिला जातो, नवी बाटली येते आणि तीही त्याच कव्हरमध्ये जाऊन बसते.

पहिल्यांदाच कव्हर धुवायला घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. शाळेच्या बाटलीचं, ऑफिसच्या फ्लास्कचं, तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीचं, कुठलंही जाड, अस्तर असलेलं कव्हर यात धरलं आहे. लागणाऱ्या बहुतेक गोष्टी घरातच सापडतील. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते. कव्हर धुणं सोपं आहे, ते वाळवणं अवघड आहे, आणि बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. साबण बदलून, सुगंधी द्रावणं आणून जो वास जात नाही, तो नीट वाळवल्यावर जातो. म्हणून वाळवण्याचा भाग वगळू नका.

आधी वास कशाला येतोय ते शोधा

बाटली, झाकण आणि कव्हर वेगळं करा. तिन्ही वस्तू तासभर लांब लांब ठेवा आणि मग एकेक हुंगून बघा. वास झाकणाला येत असेल, तर झाकणातली रबरी किंवा सिलिकॉनची रिंग टूथपिकने अलगद बाहेर काढा. तिच्याखाली काळपट, बुळबुळीत थर असतो. कव्हर कितीही धुतलं तरी तो थर असेपर्यंत वास परत येणारच. रिंग आणि तिची खाच जुन्या टूथब्रशने साबण लावून घासा, कोरडी करा आणि मगच परत बसवा.

कव्हर ओलं कशामुळे होतं तेही बघा. साध्या प्लॅस्टिकच्या किंवा एकपदरी स्टीलच्या बाटलीत फ्रिजचं पाणी भरलं की बाहेरून घाम येतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत इतकी वाफ असते, की साधारण २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. फ्रिजचं पाणी ४-५ अंशांचं, म्हणजे कव्हर आतून दिवसभर ओलं राहणारच. दुपदरी, निर्वात फ्लास्कला मात्र असा घाम येत नाही. त्याचं कव्हर ओलं लागत असेल, तर झाकण गळतंय असं समजा. अशा वेळी कव्हर धुण्याआधी रिंग बदला.

कव्हर कशाचं आहे?

कव्हर चिमटीत धरून दाबा. मऊ, रबरासारखं लवचिक, सोडल्यावर लगेच फुगणारं आणि दोन्ही बाजूंनी ताणलं जाणारं कापड चिकटवलेलं असेल, तर ते निओप्रीन. हे कृत्रिम रबर १९३० मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. पाणबुड्यांचे पोशाख याचेच असतात. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी अंगावर चढवतात तो काळा, घट्ट पोशाख आणि तुमच्या बाटलीचं कव्हर ही एकाच जातीची वस्तू आहे, आणि दोन्हींची निगाही सारखीच घ्यायची असते: वापर झाला की साध्या पाण्यातून काढायचं आणि उलटं करून सावलीत टांगायचं.

निओप्रीनच्या फोममध्ये वायूचे बारीक, बंद बुडबुडे असतात. बाहेरची उष्णता अडते ती त्यांच्यामुळे. बुडबुडे बंद असल्यामुळे पाणी सहसा फोमच्या पोटात शिरत नाही. ते अडकतं वरच्या आणि आतल्या कापडात, शिवणीत आणि पट्ट्यात. वास राहतो तोही याच तीन ठिकाणी, आणि तुमची मेहनतही तिथेच लागायला हवी.

आत चंदेरी, चकचकीत अस्तर असेल तर कव्हर वेगळ्या जातीचं आहे. डब्याच्या पिशव्याही अशाच असतात. त्या पाण्यात बुडवायच्या नाहीत. जुन्या सैनिकी पद्धतीच्या बाटल्यांना नमद्याचं, म्हणजे दाबून बनवलेल्या लोकरीचं कव्हर असतं. त्यालाही निराळी वागणूक लागते. या दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे. सर्वात जास्त वापरात निओप्रीन आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करू.

काय काय लागेल

एक लहान टब किंवा बादली, लिक्विड डिटर्जंट, खाण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, मऊ झालेला जुना टूथब्रश, एक जाड टर्किश टॉवेल आणि तारेचा एक हँगर. डिटर्जंटच्या बाटलीवर एन्झाइम असल्याचा उल्लेख असेल तर उत्तम. सोडा खाण्याचाच घ्या. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो. तो हात कोरडे करतो, आणि चंदेरी अस्तरातलं ॲल्युमिनियम तर खाऊनच टाकतो.

धुण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी झटकण्याची आहे. कव्हर उलटं करा, म्हणजे आतली बाजू बाहेर. तळाच्या शिवणीत बिस्किटाचा चुरा, पेन्सिलची टोकं, माती असं काय काय साठलेलं असतं. ते कोरडं असतानाच ब्रशने काढा, पाणी लागलं की त्याचा चिखल होतो. वेलक्रो असेल तर त्यातले धागे आणि केस टाचणीने ओढून काढा आणि वेलक्रो बंद करून ठेवा, नाहीतर धुताना तो निओप्रीनचं कापड ओरबाडतो. कव्हर गडद रंगाचं आणि नवं असेल, तर पांढरं ओलं फडकं एका कोपऱ्यावर घासून बघा. रंग उतरला तर ते कव्हर एकटंच धुवायचं.

दुसरी पायरी साध्या, थंड पाण्याची. कव्हर नळाखाली धरून आतून-बाहेरून पाणी सोडा. हे करण्याआधी गरम पाणी वापरू नका. कव्हरवर दूध, ताक किंवा चहा सांडलेला असेल, तर गरम पाण्याने दुधातली प्रथिनं धाग्यांना घट्ट चिकटतात आणि मग साबणालाही दाद देत नाहीत.

तिसऱ्या पायरीत भिजवायचं. टबात दोन लिटर कोमट पाणी घ्या. बाळाच्या आंघोळीचं पाणी जसं कोपर बुडवून बघतात तसं बघा. ऊन वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये. ४० अंशांच्या वर जाऊ नका. गरम पाण्याने निओप्रीन आणि कापड यांना जोडणारा गोंद सुटायला लागतो आणि कव्हरवर फोड आल्यासारखे फुगवटे दिसतात. या पाण्यात लिक्विड डिटर्जंट चहाचा अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त असा समज आहे, पण जाड कापडातून जास्तीचा साबण निघत नाही. तो आत राहतो, ओल धरतो आणि पुढच्या वासाची सोय करतो.

कव्हर पूर्ण बुडवून अर्धा ते पाऊण तास ठेवा. एन्झाइम असलेल्या डिटर्जंटला वेळ द्यावा लागतो. एन्झाइम प्रथिनं, चरबी आणि पिष्ट यांचे बारीक तुकडे करतात, मग ते पाण्याबरोबर निघून जातात. उकळत्या पाण्यात हेच एन्झाइम निकामी होतात. कव्हर तरंगत असेल, आणि निओप्रीन तरंगतंच, तर वर पाण्याने भरलेला स्टीलचा डबा ठेवा.

चौथी पायरी घासण्याची. ब्रश शिवणीच्या दिशेने फिरवा, आडवा नको. तळाची गोल शिवण, तोंडाची पट्टी, चेनचे दात आणि खांद्याचा पट्टा यांवर सर्वात जास्त वेळ द्या. सपाट भागाला हाताने चोळलं तरी पुरे. पट्टा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो मानेला, खांद्याला लागतो, दिवसभर घाम पितो आणि कव्हर स्वच्छ झालं तरी वास मारत राहतो.

पाचवी पायरी खळबळण्याची. स्वच्छ पाण्यात बुडवा, दाबा, सोडा. पाणी बदला. दाबल्यावर फेस येणं थांबेपर्यंत हे करत राहा. घरी बोअरचं जड पाणी येत असेल, तर वाळल्यावर कव्हरवर पांढरट, ताठर थर दिसतो. तो टाळायला शेवटच्या लिटरभर पाण्यात दोन पोह्याचे चमचे व्हिनेगर टाकून त्यातून कव्हर काढा. व्हिनेगरचा वास वाळताना उडून जातो, त्याची काळजी नको.

एवढ्याने वास गेला असेल तर थेट वाळवायला घ्या. नाही गेला, तर वास कसला आहे ते ओळखून पुढचा उपाय करा.

वास ओळखून उपाय

आंबूस वास दुधाचा. दुधातली चरबी जिवाणूंमुळे फुटली, की ब्युटिरिक आम्ल तयार होतं. जुन्या लोण्याला येतो तो वास याचाच. हे आम्ल असल्यामुळे त्यावर खाण्याचा सोडा चालतो. सोडा सौम्य अल्कली आहे. आम्लाशी मिळून त्याचा क्षार होतो, आणि तो क्षार हवेत उडत नसल्यामुळे वासही येत नाही. लिटरभर पाण्यात दोन पोह्याचे चमचे सोडा विरघळवून कव्हर दोन-तीन तास भिजवा. बाळाच्या बाटलीच्या कव्हरला हा उपाय दर आठवड्याला करायला हरकत नाही. दुधाची गळती कळली, की त्याच वेळी थंड पाण्याखाली धरा. संध्याकाळी धुऊ म्हणून पिशवीत कोंबलेलं कव्हर संध्याकाळपर्यंत चांगलंच आंबलेलं असतं.

कुबट वास ओलीचा आणि घामाचा. इथे व्हिनेगर जास्त उपयोगी पडतं. एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, अर्धा तास. मग साध्या पाण्यातून दोनदा काढा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून जोरदार फेस काढण्याची पद्धत खूप सांगितली जाते. फेस दिसायला छान असतो, पण तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना निष्प्रभ केल्याची खूण. उरतं ते जवळजवळ साधं पाणी. दोन्ही करायचे असतील, तर आधी एक, मग स्वच्छ पाणी, मग दुसरं.

सोलकढीचं प्रकरण किचकट आहे, म्हणून थोडं सविस्तर. नारळाच्या दुधातलं तेल, कोकमाचा रंग आणि लसणीचा वास, तिन्ही एकाच वेळी कव्हरमध्ये उतरतात. कोकमाचा लाल रंग आम्लात लालच राहतो, पण अल्कली लागली की निळसर-हिरवट होतो. साबणाने धुतल्यावर गुलाबी डाग अचानक निळसर होतो तो म्हणूनच. कापड खराब झालं असं वाटून घाबरू नका. कोकम सांडलं असेल तर सोडा बाजूला ठेवा. थंड पाणी, मग पातळ व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घातलेलं पाणी, असं करून रंग जाईल तेवढा घालवा. त्यानंतर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटावर घेऊन तेलकट भागावर चोळा आणि कोमट पाण्याने धुवा. तेल राहिलं तर चार दिवसांनी खवट वास यायला लागतो. लसणीचा वास सर्वात चिवट. तो एका धुण्यात जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. धुऊन झाल्यावर कव्हर दोन-तीन दिवस खेळत्या हवेत टांगून ठेवावं लागतं.

हळदीच्या दुधाने पडलेला पिवळा डागही साबण लागला की लालसर होतो आणि खळबळल्यावर परत पिवळा दिसतो. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. निओप्रीन उन्हात घालू नये असं मी पुढे सांगणार आहे, त्याला हा एवढाच अपवाद. डागाची बाजू वर करून कोवळ्या उन्हात तासभर, मग सावलीत. एका दिवसात पूर्ण जाणार नाही, पण दर धुण्याला फिका होत जाईल.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. कोरडं असताना ब्रश मारू नका, बुरशीचे कण हवेत उडतात आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. आधी अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी असं मिश्रण लावून कव्हर ओलं करा, अर्धा तास ठेवा, मग गॅलरीत किंवा मोरीत नेऊन घासा आणि नेहमीप्रमाणे साबणाने धुवा. वास जाईल. ठिपक्यांची छटा कदाचित राहील, आणि तेवढ्यासाठी ब्लीच वापरू नका. ब्लीचने रबर पिवळं पडतं, ताणलं जाणारं कापड कमजोर होतं. शिवाय व्हिनेगर लावलेल्या कव्हरवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद मोरीत तो फार घातक आहे. ही दोन्ही द्रावणं एका वेळी हाताशीसुद्धा ठेवू नका.

अगदी नव्या कव्हरला येणारा उग्र वास रबर बनवताना वापरलेल्या रसायनांचा असतो. एकदा सौम्य साबणाने धुवा, सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि उलटं करून आठवडाभर हवेवर टांगा. घाई करून मुलाच्या दप्तरात घालू नका.

वाळवणं

कव्हर पिळायचं नाही. पिळल्याने फोममधले बुडबुडे चेपतात, कायमच्या वळ्या पडतात, आणि जिथे वळी पडली तिथे कव्हर उष्णता अडवत नाही. त्याऐवजी टर्किश टॉवेल पसरा, त्यावर कव्हर ठेवा, घट्ट गुंडाळी करा आणि तळहातांनी सगळा भार देऊन दाबत जा. गुंडाळी सोडून टॉवेलच्या कोरड्या बाजूला परत एकदा. या दोन मिनिटांत जेवढं पाणी निघतं, तेवढं दोरीवर काही तासांतही निघत नाही.

आता आतली बाजू बाहेर ठेवूनच टांगायचं. मुख्य अडचण अशी, की कव्हरचं तोंड मिटतं आणि पोटात हवा शिरत नाही. तारेचा हँगर घ्या, खालची आडवी तार मधोमध धरून खाली ओढा म्हणजे लांबट चौकोन होतो, मग दोन्ही बाजू जवळ आणून तो बाटलीएवढा रुंद करा. या तारेवर कव्हर मोज्यासारखं चढवा. तोंड वर आकड्याकडे, तळ खाली. भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, हवा आत खेळते आणि उरलेलं पाणी तळाच्या शिवणीकडे उतरून ठिबकतं. तार गंजलेली असेल तर तिला आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, गंजाचा डाग निघत नाही. पट्टा कव्हरला लोळू देऊ नका, वेगळ्या चिमट्याने दोरीला लावा.

वरची बाजू हाताला कोरडी लागली की कव्हर सुलटं करून पुन्हा तेवढाच वेळ टांगा. बहुतेक जण एकाच बाजूवर समाधान मानतात आणि दुसरी बाजू बाटली घातल्यावर कोंडली जाते.

जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. विदर्भात मे महिन्यात कव्हर उन्हात दोन-तीन तासांत खडखडीत वाळेल, पण रोज असं केलं तर रंग उडतो आणि रबर कडक होऊन भेगाळतं. तिथे सावलीतही संध्याकाळपर्यंत वाळतं, मग ऊन कशाला? मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीकडे जुलैमध्ये प्रश्न उलटा. तिथे गॅलरीत टांगलेलं कव्हर दोन दिवसांनीही दमट लागतं, कारण बाहेरच्या हवेतच ओल भरलेली असते. अशा वेळी कव्हर घरात, चालू पंख्याखाली टांगा. रात्री एसी चालणार असेल तर त्याच खोलीत, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. पूर्ण एक दिवस धरून चाला. म्हणून पावसाळ्यात शाळेचं कव्हर शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी धुवायचं, म्हणजे सोमवारपर्यंत हाताशी वेळ राहतो. परवडत असेल तर दोन कव्हरं ठेवा आणि आलटूनपालटून वापरा. माझ्या मते कुठल्याही महागड्या द्रावणापेक्षा दुसऱ्या कव्हरवर खर्च केलेला बरा.

गॅसच्या शेगडीजवळ ठेवणं, इस्त्री फिरवणं, गरम ड्रायर मारणं टाळा. ड्रायर वापरायचाच असेल तर थंड हवेचा.

वाळलंय की नाही हे हाताने नेमकं कळत नाही, कारण थंडगार लागणं आणि दमट लागणं सारखंच भासतं. दोन परीक्षा करता येतात. तळाची शिवण पांढऱ्या टिश्यू पेपरच्या घडीत चिमटीने जोरात दाबा. कागदावर ओलसर रेघ उमटली तर अजून वेळ आहे. दुसरी जास्त खात्रीची: कव्हर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि दोन-तीन तास खिडकीशी ठेवा. पिशवीच्या आतून धुकं धरलं तर ओल शिल्लक आहे. पिशवी उघडताच नाक जवळ न्या. वास शिल्लक असेल तर तो इथे साठलेला असतो आणि लगेच कळतो.

चंदेरी अस्तराचं कव्हर

यात बाहेरचं कापड, मधला फोम आणि आतलं चंदेरी अस्तर असे तीन थर असतात. फोमपर्यंत पाणी गेलं तर त्याला बाहेर यायला वाट नाही. म्हणून टबात बुडवणं नाही, मशीन तर नाहीच. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा आणि आतून पुसा. कोपरे ब्रशने, हलक्या हाताने. मग साध्या ओल्या फडक्याने दोनदा, शेवटी कोरड्याने. आंबूस वास असेल तर सोड्यात थोडं पाणी घालून सरसरीत करा, अस्तराला लावा, पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. पांढरट पूड राहिली तर परत पुसा. तोंड उघडं ठेवून पंख्याखाली ठेवा.

अस्तराला घडीवर चिरा पडल्या असतील आणि वास थरांच्या मधून येत असेल, तर पुसण्याचा उपयोग नाही. कव्हर महागाचं असेल तर पिशव्या शिवणाऱ्याकडे नेऊन अस्तर बदलून मिळतं का ते विचारा. साधं असेल तर बदला.

नमद्याचं आणि लोकरीचं कव्हर

हे कव्हर निओप्रीनच्या उलट तत्त्वावर चालतं. ते मुद्दाम ओलं करायचं असतं. पाण्याची वाफ होताना बाटलीतली उष्णता ओढली जाते आणि पाणी गार होतं. छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, रेल्वेच्या खिडकीला किंवा जीपला बाहेर टांगायचे ते याचसाठी. कोरड्या हवेत, म्हणजे मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात हे छान काम करतं, दमट किनाऱ्यावर फारसं नाही. ओलं ठेवणं हाच त्याचा वापर असल्यामुळे कुबटपणाही लवकर येतो.

लोकर गरम पाण्यात आणि घासाघाशीत आटते, आणि आटलेलं कव्हर बाटलीवर परत चढत नाही. धुवायचं ते थंड पाण्यातच. एन्झाइमचं डिटर्जंट इथे वापरू नका. लोकर हे प्रथिन आहे, एन्झाइम तिलाच खातात. रिठ्याचं पाणी उत्तम: दहा-बारा रिठे रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, त्या पाण्यात कव्हर दाबून-सोडून धुवा. कव्हर बाटलीवर चढवूनच वाळवलं तर आकार राहतो, फक्त बाटली रिकामी हवी. ट्रेकहून आल्यावर ते सॅकमध्ये विसरलं जातं. सॅक उघडली की पहिल्यांदा तेच बाहेर काढा.

क्रोशाने विणलेली सुती कव्हरं कपड्यांसारखी धुता येतात, त्यांचा काही प्रश्न नाही. सिलिकॉनची बुटासारखी टोपी बाटलीच्या बुडाला असेल तर तीही काढून धुवा, तिच्याखाली पाणी साठतं.

हे टाळा

डांबरगोळ्या आणि कापूर कव्हरमध्ये ठेवू नका. ज्या वस्तूशी तोंड लागतं, तिच्याजवळ या दोन्हींचं काम नाही, आणि लहान मुलांसाठी दोन्ही विषारी आहेत. अत्तर, रूम फ्रेशनर यांनी कुबट वासावर दुसरा वास चढतो, खालचा तिथेच राहतो. कपड्यांचा सुगंधी कंडिशनर कापडावर पातळ थर सोडतो आणि त्यात मळ बसतो. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्याने जिवाणू मरतात असंही सांगतात. ते बहुतेक सुप्त होतात आणि ऊब मिळाली की परत कामाला लागतात.

रोजचं काम

शाळेतून किंवा ऑफिसातून आल्यावर बाटली कव्हरमधून बाहेर. कव्हर उलटं करून कोरड्या फडक्याने एकदा पुसा आणि खुंटीला अडकवा. यापलीकडे रोज काही लागत नाही. मुलांना हे सहज शिकवता येतं, दप्तराजवळच एक खुंटी ठोकली की ती आपणहून करतात. फ्रिजची बाटली बाहेरून पुसून मगच कव्हरमध्ये घाला. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी पंधरा दिवसांनी साबणाने धुणं पुरतं. दूध, ताक, सरबत सांडलं तर त्याच दिवशी.

सुट्टीत कव्हर ठेवून द्यायचं असेल, तर पिशवीची परीक्षा पास झाल्यावर, चेन उघडी ठेवून, सुती पिशवीत ठेवा. घडी घालू नका. चेन अडकत असेल तर तिच्या दातांवर मेणबत्ती फिरवा.

दोनदा नीट धुऊन, पूर्ण वाळवूनही आठवडाभरात तोच वास परत येत असेल, दाबल्यावर रबराचा भुगा पडत असेल, किंवा कापड फोमपासून सुटून मध्ये पोकळी झाली असेल, तर ते कव्हर आता पिण्याच्या पाण्यासाठी ठेवू नका. पट्टा, चेन, वेलक्रो चांगले असतील तर काढून घ्या, शिवणकामात उपयोगी पडतात.